मशीनवरचे १६० आणि रिपोर्टमधले ४.२

प्रश्न: माझ्या बाबांचं वय ६८. गेल्या महिन्यात मुतखड्याच्या दुखण्यासाठी सोनोग्राफी केली. खडा अगदी बारीक निघाला, पण रिपोर्टच्या शेवटी एक ओळ होती: पोटातल्या एओर्टाला ४.२ सेंटिमीटरचा ॲन्युरिझम. डॉक्टर म्हणाले, आत्ता ऑपरेशनची गरज नाही, बीपी सांभाळा, वर्षभरात परत सोनोग्राफी करू. बाबांना बीपी वीस वर्षांपासून आहे. गोळी घेतात, पण डोकं जड झालं तरच. परवा मोजलं तर १६०/८०. ‘खालचा नॉर्मल आहे ना, मग झालं!’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. बीपीमुळे ही नस फुगते तरी कशी? वीस वर्षं काही झालं नाही, मग आताच एवढी काळजी का? गोळी नीट घेतली तर फुगा बसेल का? मी ४४ वर्षांची आहे, भाऊ ४७चा. माझंही बीपी मागे एकदा १५०/९६ आलं होतं. आम्हीही तपासून घ्यावं का? (सिगारेट बाबांनी बरीच कमी केली आहे, आता दिवसाला तीन-चारच.)

उत्तर: पत्रातलं सगळ्यात मोठं वाक्य तुम्ही कंसात टाकलंत. त्याच्याकडे येतेच. पण तुम्ही विचारलंय बीपीचं, तर आधी बीपी.

एओर्टा म्हणजे महाधमनी, शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. हृदयातून वर निघते, छातीत वळण घेते, पाठीच्या कण्याला लागून खाली उतरते आणि बेंबीच्या आसपास दोन पायांसाठी दुभंगते. पोटात तिची रुंदी साधारण दोन सेंटिमीटर असते. तीन किंवा त्याहून जास्त झाली की त्या फुगवट्याला ॲन्युरिझम म्हणतात. बाबांची ४.२ आहे, म्हणजे मूळच्या दुप्पट.

ही नळी पाण्याच्या पाइपासारखी निर्जीव नसते. तिच्या भिंतीला तीन थर असतात आणि खरी करामत मधल्या थराची. त्यात इलॅस्टिन नावाच्या प्रथिनाच्या जाळ्या एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये स्नायूंच्या पेशी. हृदयानं रक्त ढकललं की एओर्टा जराशी फुगते, आणि हृदय पुढच्या ठोक्यासाठी भरत असतं तेवढ्या वेळात ती आक्रसून तेच रक्त पुढे सरकवते. म्हणजे हृदय थांबलेलं असतानाही रक्त वाहतं ते या लवचिकपणामुळे. इलॅस्टिनसोबत कोलॅजेनचे धागेही असतात. ते ताणले जात नाहीत, पण दोरखंडासारखे मजबूत असतात. पहिला झटका इलॅस्टिननं झेलायचा आणि हाताबाहेर जायला लागलं की कोलॅजेननं धरून ठेवायचं, अशी ही वाटणी.

आता यातली अडचण. इलॅस्टिन आपल्या शरीरात बनतं ते मुख्यतः जन्माआधी आणि लहानपणी. मोठेपणी जे तुटतं त्याच्या जागी तसं नवं बनत नाही. चड्डीचं इलॅस्टिक आठवा. एकेक धागा आतल्या आत तुटत जातो, बाहेरून कापड तसंच दिसतं, आणि एक दिवस कळतं की इलॅस्टिक गेलं. कपड्याचं बदलता येतं, एओर्टाचं नाही.

मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाचे होतात एक लाख. वीस वर्षांचे सत्तर कोटींहून जास्त. बीपीचे आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असतात, म्हणून ते लहान वाटतात. पाण्यात मोजले तर १२० म्हणजे दीड मीटरहून उंच स्तंभ आणि १६० म्हणजे दोन मीटरहून उंच. तेवढ्या पाण्याचा भार भिंतीवर, दिवसाला लाख वेळा. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, परत परत वाकवत राहिलं तर तुटते. बाबांच्या बीपीनं वीस वर्षं हेच केलं. ‘काही झालं नाही’ असं तुम्ही लिहिलंत. होत होतं, फक्त दुखत नव्हतं. आजार हत्तीच्या पावलानं येतो आणि मुंगीच्या पावलानं जातो, असं आपण म्हणतो. हा आला तोच मुंगीच्या पावलानं.

नुसती झीजच होते असंही नाही. एवढ्या मोठ्या नसेची भिंत स्वतः जगते कशावर? तिच्या बाहेरच्या थरातून अगदी बारीक रक्तवाहिन्या आत जातात आणि भिंतीलाच रक्त पुरवतात. जास्त बीपीनं या बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड होतात, त्यांचं तोंड अरुंद होतं. मग मधल्या थराची उपासमार सुरू होते, स्नायूंच्या पेशी मरायला लागतात. सतत ताणल्या गेलेल्या आणि सुजलेल्या भिंतीत इलॅस्टिन आणि कोलॅजेन कापणारी विकरं (एन्झाइम) वाढतात. आपल्याच शरीराचे गवंडी आपलीच भिंत पोखरायला लागतात म्हणा ना. मूत्रपिंडांच्या खालच्या भागात तर एओर्टाच्या भिंतीत इलॅस्टिनचे थर मुळातच कमी आणि तिला रक्त पुरवणाऱ्या त्या बारीक वाहिन्याही तुरळक. पोटातले बहुतेक फुगवटे नेमके तिथेच येतात.

आता ‘खालचा नॉर्मल आहे’ या उत्तराकडे वळू. बाबा यावर निर्धास्त आहेत, आणि मला नेमकी याचीच काळजी वाटते. लवचिक एओर्टा फुगून झटका झेलते, त्यामुळे वरचा आकडा आटोक्यात राहतो. मग ती आक्रसते, त्यामुळे खालचा आकडा फार पडत नाही. इलॅस्टिक गेलेली, ताठ झालेली एओर्टा यातलं काहीच करत नाही. वरचा चढतो, खालचा घसरतो. साठीनंतर १६०/८० दिसलं तर त्या ८०मध्ये खूश होण्यासारखं काही नाही. दोन आकड्यांमधलं अंतर ऐंशीचं झालंय, आणि ते अंतर हीच नळी ताठ झाल्याची खूण आहे. बरं, हे चक्र स्वतःलाच चालना देतं: बीपीनं नस ताठ होते, ताठ नसेमुळे वरचं बीपी आणखी चढतं.

‘मग आताच एवढी काळजी का?’ या प्रश्नाचं उत्तर एका साध्या हिशेबात आहे. लाप्लास नावाच्या फ्रेंच गणितज्ञाच्या नावानं तो ओळखला जातो. नळीच्या भिंतीवर येणारा ताण तीन गोष्टींवर ठरतो: आतला दाब, नळीची रुंदी आणि भिंतीची जाडी. दाब वाढला की ताण वाढतो, रुंदी वाढली की ताण वाढतो, भिंत पातळ झाली की ताण वाढतो. फुगा फुगवताना पहिल्या फुंकीला गाल दुखतात, आणि एकदा का तो मोठा झाला की हलक्या फुंकरीनंही फुगत राहतो, तो यामुळेच.

बाबांचे आकडे घालून बघा. दोन सेंटिमीटरच्या नळीत १२० दाब असताना भिंतीवर जो ताण येतो, तो एक धरू. रुंदी ४.२ झाली आणि दाब तोच १२० ठेवला, तरी ताण दुपटीच्या पुढे जातो. दाब १६० झाला की जवळपास पावणेतीन पट. यात भिंत पातळ झाल्याचं तर अजून धरलेलंच नाही. हिशेब ढोबळ आहे, खरा फुगवटा इतका गोलगरगरीत आणि नियमित नसतो. पण मुद्दा पोचला असेल. चाळिशीतले १६० आणि आजचे १६० मशीनवर एकसारखेच दिसतात. भिंतीला ते एकसारखे नाहीत. बाबांना वाटतं, बीपी तेच आहे, मला त्याची सवय झालीय. सवय त्यांना झाली असेल, एओर्टाला होत नसते.

आता तो कंस.

पोटातल्या ॲन्युरिझमचा पहिल्या नंबरचा आरोपी बीपी नाही, तंबाखूचा धूर आहे. वय, पुरुष असणं आणि घरात कुणाला असणं हेही यादीत वरच्या जागी आहेत. बीपी आहेच, पण पोटातल्या फुगवट्यात त्याची भूमिका साथीदाराची जास्त. (गंमत बघा, मधुमेह एरवी सगळ्या नसांचा शत्रू, पण मधुमेह्यांमध्ये पोटातला ॲन्युरिझम उलट कमी आढळतो. म्हणून कुणी साखर वाढवून घेऊ नये!) धुरामुळे भिंतीत सूज येते, ती कापणारी विकरं वाढतात, आणि झालेला फुगवटा ओढणाऱ्यांमध्ये जास्त वेगानं वाढतो, फुटायचा धोकाही जास्त. ‘तीन-चारच’ ही तडजोड मी रोज ऐकते आणि रोज नाकारते. वीसवरून चारवर येणारा माणूस ती चार फार मन लावून, खोल ओढतो. एका सिगारेटनंतर काही वेळ बीपीही चढलेलं राहतं ते वेगळंच. बाबांसाठी बीपीची गोळी आणि सिगारेट सोडणं ही एकच गोष्ट समजा. स्वतःच्या जिवावर जमत नसेल तर निकोटिनचे पॅच, च्युइंग गम, औषधं आहेत, डॉक्टरांकडे मागून घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

छातीतल्या एओर्टाची गोष्ट मात्र वेगळी. तिथे बीपीचा वाटा मोठा असतो, शिवाय काहींच्या बाबतीत जन्मतः एओर्टिक झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असणं किंवा मार्फान सिंड्रोमसारखे आनुवंशिक दोष. तिथे आणखी एक प्रकार होतो, डिसेक्शन: आतल्या थराला चीर पडते आणि रक्त थरांच्या मधून घुसत भिंतच उभी सोलत जातं. डिसेक्शन झालेल्या दर चार रुग्णांपैकी सुमारे तिघांना आधीपासून बीपी असतं. त्यामुळे एका जागी फुगवटा सापडला की छातीतली एओर्टाही एकदा बघून घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

गोळी नीट घेतली तर फुगा बसेल का? नाही बसणार. फुगवटा कमी करणारी कुठलीही गोळी आज नाही. पोटातला फुगवटा वाढण्याचा वेग बीपीच्या औषधांनी कमी होतो का, याचेही प्रयोग झाले आणि निकाल निराशाजनक आले. हे मी लपवत नाही, कारण बाबा हुशार दिसतात, कुठूनतरी वाचतील आणि म्हणतील, बघ, मी म्हणत होतो! त्यांना पुढचंही सांगा. बीपी चढं असलेल्यांमध्ये फुगवटा फुटण्याचा धोका जास्त असतो. आणि छोटा ॲन्युरिझम असलेली माणसं तो फुटून जातात त्यापेक्षा जास्त वेळा हार्ट अटॅक आणि पक्षाघातानं जातात. ज्या नसांनी पोटात हे केलं, त्याच हृदयात आणि मेंदूतही आहेत. गोळी त्या सगळ्यांसाठी आहे. कोलेस्टेरॉलची गोळी दिली असेल तर तीही याचसाठी.

डोकं जड झालं की गोळी, हा हिशेब मुळातच चुकीचा. बीपीनं डोकं दुखतंच असं नाही, बहुतेकांना काहीच जाणवत नाही. आणि घेतली-सोडली, घेतली-सोडली यात बीपी खालीवर उसळतं. काही गोळ्या तर अशा असतात की एकदम बंद केल्या की बीपी आधीपेक्षा वर जातं. कमकुवत भिंतीला असले झटके सोसत नाहीत.

घरी मोजायचं तर नीट मोजा, नाहीतर वहीत नुसते आकडे जमतील. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट नको. लघवीला जाऊन यावं. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसावं. गप्प म्हणजे गप्प, बातम्यांवर टिप्पणी करत नव्हे. पट्टा उघड्या दंडावर, बाहीवरून नाही, आणि हात हृदयाच्या उंचीवर टेकवलेला. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो, लहान पट्ट्यानं आकडा खोटा चढतो. एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजा. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, असं आठवडाभर. पहिल्या दिवशी दोन्ही हातांत मोजा आणि जिथे जास्त येतं तो हात कायमचा ठरवून टाका. दोन हातांत मोठा फरक दिसला तर तेही डॉक्टरांना सांगा. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५च्या वर असेल तर ते जास्त समजतात. बाबांचं नेमकं किती खाली आणायचं, हे त्यांचं वय, किडनी, उठल्यावर चक्कर येते का, हे बघून डॉक्टर ठरवतील. एका आठवड्यात खाली आणायची घाई नको.

काही गोष्टी भरभर सांगते. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून जेमतेम एक चमचा. चालणं चांगलं, रोज चालू द्या. श्वास कोंडून जड वजन उचलणं मात्र बंद. त्या क्षणी बीपी दोनशेच्याही पुढे उडी मारू शकतं. बद्धकोष्ठ असेल तर त्याचा इलाज करा, कुंथणं म्हणजेही श्वास कोंडणंच. घोरणं जोरात आणि मध्येच श्वास अडकत असेल तर झोपेची तपासणी करून घ्या, हट्टी बीपीमागे ते एक कारण असतं. दुखण्यावरच्या काही गोळ्या आणि सर्दीत नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या बीपी चढवतात, आपल्या मनानं आणू नका. आणि एक नीट लक्षात ठेवा: सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातली अँटिबायोटिक्स एओर्टिक ॲन्युरिझमच्या रुग्णांना शक्यतो देऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी डिसेंबर २०१८मध्ये दिला आहे. मुतखडा आणि लघवीच्या जंतुसंसर्गात हीच औषधं सर्रास लिहिली जातात. लिहिणाऱ्या डॉक्टरांना बाबांचा ॲन्युरिझम माहीत असेलच असं नाही. तो तुम्ही सांगायचा.

मुतखड्यावरून आणखी एक. फुटणाऱ्या ॲन्युरिझमचं दुखणं कंबरेत, कुशीत, जांघेकडे जातं आणि ते मुतखड्याचं समजून फसगत होते. नावाजलेली चूक आहे ही. बाबांना खडा आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे तुमच्या घरात तर ती होण्याची शक्यता जास्तच. पोटात किंवा पाठीत अचानक जोराचं दुखलं, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा छातीतून पाठीकडे काहीतरी फाटल्यासारखी कळ गेली, तर ‘खडा सरकला असेल’ म्हणून गरम पाण्याची पिशवी घेऊन बसायचं नाही. ॲम्ब्युलन्स बोलवायची, खायला-प्यायला काही द्यायचं नाही, आणि दारात पहिलं वाक्य: ‘यांना एओर्टाचा ॲन्युरिझम आहे.’ सोनोग्राफीच्या रिपोर्टचा फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा.

हे वाचून आज रात्री झोप उडवू नका. ४.२चा फुगवटा वर्षभरात फुटायची शक्यता कमी आहे, शंभरात जेमतेम एखाद्याची. पुरुषांमध्ये साधारण ५.५ सेंटिमीटरला आणि स्त्रियांमध्ये ५च्या सुमाराला ऑपरेशनचा विचार करतात, किंवा तो फार भराभर वाढला किंवा दुखायला लागला तर आधी. आइन्स्टाइनला पोटात हाच आजार होता. १९४८मध्ये त्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा फुगवट्याभोवती सेलोफेन गुंडाळण्यापलीकडे फारसं काही करता येत नव्हतं. तरी त्यावर ते सहा वर्षांहून जास्त जगले. १८ एप्रिल १९५५ रोजी ते गेले ते तो फुटूनच. पाइपचे ते भारी शौकीन होते, तेवढं बाबांच्या कानावर घाला. आता कृत्रिम नळी बसवता येते, पुष्कळांना तर पोट न उघडता जांघेतल्या नसेतून.

आता तुम्ही दोघं. खरं तर तुमच्या आधी नंबर लागतो तो काका आणि आत्यांचा. बाबांची सख्खी भावंडं त्यांच्याच वयाच्या आसपासची असतील. त्यांनी पोटाची एक सोनोग्राफी करून घ्यावी. सुई नाही, किरण नाहीत, दहा-पंधरा मिनिटांचं काम. तुम्हा दोघांना ती साधारण पन्नाशी-साठीच्या पुढे लागेल. भाऊ ओढत असेल, किंवा बाबांच्या छातीतल्या एओर्टातही काही निघालं, तर डॉक्टर आधीच करायला सांगतील. आज तुम्हाला सोनोग्राफीपेक्षा बीपीच्या मशीनची गरज आहे. १५०/९६ एकदाच आलं आणि तुम्ही ते ‘मागे एकदा’ म्हणून सोडून दिलंत. बाबांचंही वीस वर्षांपूर्वी एकदाच आलं असेल. वर लिहिलंय तसं आठवडाभर मोजा आणि वही घेऊन डॉक्टरांकडे जा. बाबांची आणि तुमची वही एकच ठेवलीत तर उत्तम, मोजायला तेही मुकाट्यानं बसतील.

पुढच्या सोनोग्राफीला जुना रिपोर्ट बरोबर न्या आणि जमलं तर त्याच ठिकाणी करा. मोजणाऱ्याच्या हातानुसार दोन-चार मिलिमीटरचा फरक सहज पडतो, त्यामुळे ४.४ आलं म्हणून घाबरू नका आणि ४.० आलं म्हणून बाबांना गोळी सोडू देऊ नका.